सिलिंगमधले दिवे आणि आगीपासूनची सुरक्षितता : वाचकांचे प्रश्न

दसरा-दिवाळीच्या तोंडावर मराठवाड्यात घरोघरी रंगकाम निघते आणि अलीकडे त्यासोबत पीओपीचे सिलिंग व त्यात बसवायचे छोटे दिवे हेही ओघाने आलेच. या अंकासाठी आलेल्या पत्रांत त्याच दिव्यांविषयीचे प्रश्न अधिक असल्याने त्यांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे. पत्रे वाचताना असे दिसले, की वाचक दिव्याच्या वॅटची, रंगाची आणि किमतीची बारकाईने चौकशी करतात. सिलिंग बंद झाल्यावर त्याच्या वर काय काय राहणार आहे, हे मात्र फार थोड्यांनी विचारले आहे. धोका असतो तो त्या झाकलेल्या जागेत, म्हणून उत्तरांचा भर तिकडे ठेवला आहे.

प्रश्न : लातूर येथील आमच्या नव्या फ्लॅटमध्ये जिप्सम बोर्डचे सिलिंग करून त्यात १२ वॅटचे १४ एलईडी दिवे बसवायचे आहेत. सिलिंगचे काम घेतलेल्या कारागिराच्या ओळखीचा एक मुलगा वायरिंग करून देणार आहे. त्याच्याकडे परवाना नाही, पण ‘एलईडीला लोडच नसतो, परवाना कशाला लागतो’, असे त्याचे म्हणणे आहे. कायद्याने हे चालते का? आणि लोड खरोखरच कमी असेल, तर धोका तरी कशाचा?

उत्तर : कायद्याने चालत नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षा आणि वीजपुरवठा यांविषयीचे विनियम देशभर लागू आहेत. २०१० सालच्या विनियमांची जागा आता २०२३ सालच्या विनियमांनी घेतली आहे. त्यांनुसार ग्राहकाच्या जागेतील वायरिंगचे नवे काम, वाढीव काम, फेरबदल आणि दुरुस्ती ही राज्य शासनाचा परवाना असलेल्या विद्युत ठेकेदारामार्फत, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली आणि परवानाधारक तारतंत्रीकडूनच (वायरमनकडूनच) करून घ्यावी लागतात. यातून सूट आहे ती जुना दिवा, पंखा, फ्यूज किंवा बटण काढून त्या जागी तसेच नवे बसवण्यापुरती, आणि तीही मूळ जोडणीची क्षमता व स्वरूप बदलत नसेल तरच. नव्या वायरी ओढून १४ नवे पॉइंट काढणे या सवलतीत बसत नाही. आयटीआयमधून वीजतंत्री किंवा तारतंत्री हा अभ्यासक्रम पूर्ण केलेला असणे ही पात्रता झाली. परवाना स्वतंत्रपणे घ्यावा लागतो, हेही लक्षात घ्यावे. परवान्याविषयी शंका असल्यास जिल्ह्याच्या विद्युत निरीक्षक कार्यालयात विचारणा करता येते.

त्या मुलाचे लोडविषयीचे म्हणणे मात्र खरे आहे. १४ दिव्यांचे १६८ वॅट होतात आणि २३० व्होल्टला एवढ्या भारासाठी एक अँपिअरच्या आसपास प्रवाह पुरतो. १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर एवढ्याने गरमसुद्धा होणार नाही. धोका वेगळ्या तीन ठिकाणी आहे : दिव्याचा ड्रायव्हर (घरच्या विजेचे एलईडीला लागणाऱ्या विजेत रूपांतर करणारी छोटी डबी), वायरीचे जोड आणि दिव्याच्या पाठीमागे कोंडणारी उष्णता. एलईडी दिव्याला स्पर्श करता येतो म्हणून तो थंड असतो असा समज आहे. प्रत्यक्षात त्याला मिळालेल्या विजेचा बराच मोठा भाग उष्णतेतच जातो, फक्त ती उष्णता समोर न पडता मागच्या धातूच्या पात्यांतून वर सिलिंगच्या पोकळीत जाते. तिथे हवा खेळती नसेल तर ड्रायव्हर तापत राहतो.

जोडांचे म्हणाल, तर त्यासाठी एक पाहणी आपण स्वतः करू शकता. मेन स्विच आणि इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करावा, एखादा बसवलेला दिवा त्याच्या दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगा दाबून हळूच खाली ओढावा आणि भोकातून विजेरीने वर पाहावे. अनेक घरांत असे दिसते, की वायरींचा पाइप भोकापासून वीतभर आधीच संपलेला आहे, पुढे उघड्या वायरी लोंबत आहेत, दोन वायरींची टोके नुसती पिळून त्यांवर काळी टेप गुंडाळली आहे, आणि उष्णतेने टेपचा गोंद पाझरून तिची शेवटची घडी सुटलेली आहे. ड्रायव्हर पीओपीच्या धुळीत उताणा पडलेला असतो. असा सैल जोड पुढे ठिणग्या देऊ लागला तरी एमसीबी (बोर्डातील आपोआप पडणारा स्विच) पडत नाही, कारण एमसीबी वाजवीपेक्षा जास्त प्रवाह ओळखतो आणि सैल जोडातून जाणारा प्रवाह नेहमीइतकाच असतो. आरसीसीबी हा दुसरा सुरक्षा-स्विच विजेची गळती ओळखतो. इथे गळतीही नसते. संरक्षणाची ही दोन्ही साधने हवीतच, पण वाईट जोडावर ती उपाय नाहीत.

म्हणून ठेकेदाराला काम देताना काही गोष्टी आधीच ठरवून घ्याव्यात. प्रत्येक जोड झाकण असलेल्या जंक्शन बॉक्समध्ये, स्क्रूच्या किंवा चापाच्या कनेक्टरने झालेला असावा आणि तो बॉक्स दिव्याच्या भोकातून हाताला लागावा. पाइप बॉक्सपर्यंत पोचलेला असावा. वायर आयएस ६९४ या मानकाची आणि आग न पसरवणाऱ्या प्रकारची घ्यावी. भारतीय मानकांच्या वायरिंगविषयक संहितेत दिवे-पंख्यांच्या एका सर्किटवर १० पॉइंट आणि ८०० वॅट अशी मर्यादा सांगितली आहे. तेव्हा आपले १४ दिवे दोन सर्किटवर विभागावेत, प्रत्येकास ६ अँपिअरचा एमसीबी आणि एकत्रितपणे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी द्यावा. दिव्याचा सांगाडा धातूचा असेल आणि त्यावर दुहेरी इन्सुलेशनचे चिन्ह, म्हणजे चौकोनात चौकोन, नसेल तर अर्थिंगची तिसरी वायर प्रत्येक दिव्यापर्यंत गेलीच पाहिजे. बोर्ड चढवण्यापूर्वी ठेकेदाराकडून ५०० व्होल्टच्या मेगरने इन्सुलेशनची चाचणी करून घ्यावी. निष्कर्ष किमान १ मेगाओहम यायला हवा. ही चाचणी दिवे जोडण्याआधीच करावी, नाहीतर ड्रायव्हर खराब होतात. त्याच दिवशी उघड्या सिलिंगचे मोबाइलवर फोटो काढून ठेवावेत. पाच वर्षांनी पंख्याचा हुक बसवताना पाइप कुठून गेला आहे हे त्यावरूनच कळेल.

प्रश्न : माझा मुलगा इंग्लंडमध्ये असतो. तिकडे सिलिंगमध्ये ‘फायर रेटेड’ दिवेच बसवावे लागतात असे तो सांगतो. छत्रपती संभाजीनगरच्या बाजारात विचारले तर कोणालाच हे दिवे ठाऊक नाहीत. आपल्याकडे याबाबतीत निष्काळजीपणा आहे असे समजावे काय?

उत्तर : मुलाचे म्हणणे त्या देशासाठी योग्य आहे, पण त्यामागचे कारण समजून घेतले पाहिजे. तिकडच्या अनेक घरांत वरचा मजला लाकडी वाशांवर उभा असतो आणि खालून त्याला प्लास्टरबोर्ड लावलेला असतो. खाली आग लागली तर वरच्या मजल्यावरील माणसांना बाहेर पडण्यास अवधी मिळावा, म्हणून ती सबंध रचना ठरावीक काळ, लहान घरांत बहुधा ३० मिनिटे, आग अडवील अशी असावी लागते. दिव्यासाठी त्या बोर्डला भोक पाडले की आगीला वाट मिळते. फायर रेटेड दिव्यात उष्णतेने फुगणारा एक पदार्थ असतो. तो फुगून भोक बुजवतो. म्हणजे हा दिवा स्वतः पेट घेणार नाही अशी ती हमी नव्हे; भोक पडलेले छत पुन्हा आग अडवू शकेल, एवढाच तिचा अर्थ आहे.

आपल्या इमारतींत मजल्यांमध्ये सिमेंट-काँक्रीटचा स्लॅब असतो आणि आग अडवण्याचे काम तोच करतो. पीओपीचे सिलिंग त्याच्या खाली नुसते टांगलेले असते. त्यामुळे स्लॅबच्या घरात त्या दिव्यांवाचून काही अडत नाही. पाइपांसाठी स्लॅबमध्ये आरपार पाडलेली आणि तशीच उघडी राहिलेली भोके मात्र सिमेंटने बुजवून घ्यावीत. आपल्या इमारतींत धूर वर चढतो तो अशा वाटांनी.

आणखी एक. जिप्सम आणि पीओपी जळत नाहीत. जिप्समच्या वजनात सुमारे एक पंचमांश पाणी बांधलेले असते आणि तापल्यावर ते वाफ होऊन काही काळ उष्णता रोखते. पण त्या सिलिंगवर सुताराकडून प्लायचे नक्षीकाम आणि लॅमिनेट लावून घेतले, आणि दिवे त्या प्लायमध्येच बसवले, तर जिप्सममुळे मिळालेली सुरक्षितता आपण आपल्या हाताने घालवतो. दिव्यावर किंवा त्याच्या खोक्यावर ज्वलनशील पृष्ठभागावर न बसवण्याचे, फुली मारलेले चिन्ह असेल, तर तो दिवा प्लायमध्ये कदापि बसवू नये.

प्रश्न : उदगीरला आमचा जुना वाडा आहे. वर माळवद आहे. माती गळते म्हणून मधल्या खोलीत पीव्हीसी पॅनेलचे सिलिंग करून त्यात दिवे बसवावेत असा घरातील मुलांचा आग्रह आहे. वाड्यात वायरिंग जुनेच आहे. आपले मत कळवावे.

उत्तर : या प्रश्नाला मी सर्वांत गंभीर मानतो. वरच्या उत्तरात स्लॅबविषयी जे लिहिले ते माळवदाला लागू नाही. माळवद म्हणजे वर मातीचा थर आणि खाली तुळया व फळ्या, तेही दोन-तीन पिढ्यांचे वाळलेले लाकूड. त्याच्या खाली सिलिंग केले की लाकूड आणि पॅनेल यांच्यामध्ये एक बंद पोकळी तयार होते, आणि त्या पोकळीत माती, जळमटे, उंदरांनी आणलेल्या चिंध्या व काटक्या साचतात. तिथे लागलेली आग खालून कोणाला दिसत नाही. धूर फटींतून खाली येईपर्यंत तुळई पेटलेली असते. पीव्हीसी सहजासहजी पेटत राहत नाही हे खरे, पण ते ७०-८० अंशांनाच मऊ पडते, आणि आगीत सापडले तर त्याचा धूर डोळ्यांना व फुप्फुसांना अतिशय घातक असतो.

माझे स्पष्ट मत असे, की माळवदाखाली सिलिंगच्या आत बसवायचे दिवे घेऊच नयेत. मातीसाठी सिलिंग करायचेच असेल तर लोखंडी चॅनेलवर जिप्सम किंवा सिमेंटचा बोर्ड लावावा आणि दिवे पृष्ठभागावर किंवा भिंतीवर बसणारे घ्यावेत. त्यांची उष्णता खोलीत सुटते आणि काही बिघडले तर ते डोळ्यांसमोर असते. वायरी शक्यतो पोकळीतून नेऊच नयेत, भिंतीवरून पाइपमधून आणाव्यात. पोकळीतून नेण्यावाचून गत्यंतर नसेल तर लोखंडी पाइप वापरावा आणि त्याला अर्थिंग द्यावे, कारण प्लास्टिकचा पाइप उंदीर कुरतडतात. सिलिंगला एका कोपऱ्यात दीड-दोन फुटांचे उघडणारे झाकण ठेवून वर्षातून एकदा, पावसाळ्यानंतर, आत पाहावे.

जुने वायरिंग ठेवून त्याला नवे जोडणे हा त्याहून मोठा धोका आहे. जुन्या वाड्यांत ॲल्युमिनियमची वायर अजूनही सापडते. तिला तांब्याची वायर पिळून जोडली की दमट हवेत त्या जोडावर गंज चढतो, जोडाचा रोध वाढतो आणि तो तापू लागतो. दिव्यांवर खर्च करण्याआधी त्या खोलीचे वायरिंग पूर्ण बदलून घ्यावे. वाड्यात एकूण किती पैसा घालायचा, हा निर्णय आपला. किल्लारीच्या १९९३ सालच्या भूकंपानंतर आपल्या भागात जड माळवदाचा पुन्हा विचार करणारे अनेक जण आहेत. पण तुळयांची अवस्था जाणकाराकडून पाहून घेतल्याशिवाय त्यांना नवे सिलिंग टांगू नये, एवढे आवर्जून सांगतो.

प्रश्न : जालन्यात आमचे पत्र्याचे घर आहे. उकाड्यासाठी पत्र्याखाली थर्माकोल आणि त्याखाली सिलिंग केले आहे. सिलिंगमधले दिवे दर उन्हाळ्यात एक-दोन तरी जातात. दुकानदार व्होल्टेजचे कारण सांगतो. यात आगीची भीती आहे का?

उत्तर : व्होल्टेजचा वाटा असू शकतो, पण मुख्य कारण उष्णता असावे. दिव्यावर वेगळे काही छापलेले नसेल तर मानकानुसार तो भोवतालच्या २५ अंश तापमानासाठी तपासलेला असतो. मे महिन्यात आपल्याकडे सावलीतच पारा ४२-४३ अंशांवर जातो. तापलेल्या पत्र्याखालच्या बंद जागेत तापमान त्याहून कितीतरी अधिक असते. ड्रायव्हरमधील कपॅसिटरचे आयुष्य तापमान १० अंशांनी वाढले की साधारण निम्मे होते. चांगला ड्रायव्हर अशा वेळी नुसता बंद पडतो. हलक्या प्रतीचा ड्रायव्हर बंद पडताना फुटतो, त्याचे प्लास्टिक वितळते आणि ठिणगी उडू शकते. आपल्या घरात त्या ठिणगीच्या वर थर्माकोल आहे. थर्माकोल साधारण ८० अंशांच्या पुढे मऊ पडू लागतो आणि पेटला की त्याचे जळते थेंब खाली गळतात. तेव्हा भीती आहे, आणि ती टाळण्याजोगी आहे.

दिव्यांच्या वरचा आणि चारही बाजूंचा थर्माकोल आधी काढावा, आणि पुढेमागे शक्य होईल तेव्हा सगळाच काढून त्याऐवजी न जळणारी रॉकवूल वापरावी. रॉकवूलही दिव्यावर किंवा ड्रायव्हरवर पसरू नये. उत्पादकाने सांगितलेले अंतर सोडावे, आणि त्याने काहीच सांगितले नसेल तर निदान चार बोटे जागा चारही बाजूंना व वर मोकळी राहू द्यावी. ज्या दिव्यांचा ड्रायव्हर वेगळा असतो असे दिवे घेऊन ड्रायव्हर पोकळीबाहेर, भिंतीवरील बॉक्समध्ये बसवता आले तर अधिक चांगले. खरेदी करताना दिव्यावर किंवा ड्रायव्हरवर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह आणि ‘आर’ या रोमन अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहावा. नुसते चिन्ह पाहून भागत नाही. तो क्रमांक ‘बीआयएस केअर’ या ॲपमध्ये टाकला की तो कोणत्या उत्पादकाचा व कोणत्या वस्तूचा आहे हे तिथल्या तिथे कळते. वजनावर किंवा डझनावर विकल्या जाणाऱ्या बिननावाच्या दिव्यांवर हा क्रमांक एक तर नसतो किंवा भलत्याच वस्तूचा असतो.

प्रश्न : नांदेडच्या आमच्या घरात सिलिंगच्या कडेने लपवलेली एलईडीची पट्टी आहे, सुमारे १० मीटर. एका टोकाला उजेड फिका पडतो आणि तिथला रंग पिवळसर झाला आहे. पट्टी १२ व्होल्टची असल्याने तिच्यापासून आग लागू शकत नाही, हे खरे का?

उत्तर : खरे नाही. १२ व्होल्टचा झटका बसत नाही, पण आगीचा संबंध प्रवाहाशी आहे. बाजारात सर्रास मिळणारी पट्टी मीटरला १४.४ वॅट घेते. १० मीटरचे १४४ वॅट, आणि १२ व्होल्टला त्याचे १२ अँपिअर होतात. खोलीतील बाकीचे सगळे दिवे मिळून एक अँपिअर घेत असताना ही नाजूक पट्टी १२ अँपिअर वाहते. तिच्या एखाद्या जोडात केवळ अर्ध्या ओहमचा रोध आला आणि तिथून ५ अँपिअर गेले, तरी त्या टाचणीएवढ्या जागेत साडेबारा वॅट उष्णता तयार होते. मुख्य बोर्डातील एमसीबीला याचा पत्ताही लागत नाही.

उजेड फिका पडणे म्हणजे तिथपर्यंत पुरेसे व्होल्टेज पोचत नाही, आणि पिवळेपणा हे तापल्याचे लक्षण आहे. ती पट्टी आजपासून लावू नये. नवी बसवताना ती ॲल्युमिनियमच्या खोबणीत चिकटवावी, सलग ५ मीटरपेक्षा लांब ओढू नये, दोन्ही तुकड्यांना पट्टीच्या ट्रान्सफॉर्मरपासून स्वतंत्र वायर द्यावी आणि शक्य असल्यास २४ व्होल्टची पट्टी घ्यावी, म्हणजे प्रवाह निम्मा होतो. जाळीच्या पत्र्याचा उघडा एसएमपीएस (पट्टीला वीज देणारा हाच ट्रान्सफॉर्मर) सिलिंगवर धुळीत टाकून देण्याची जी रीत पडली आहे, ती मोडायला हवी.

प्रश्न : मानवत तालुक्यात आमची शेती आहे. भाव येईपर्यंत कापूस घराच्याच एका खोलीत ठेवतो. नव्या बांधकामात त्या खोलीतही सिलिंगचे दिवे घेतले आहेत. काही अडचण?

उत्तर : त्या खोलीतील दिवे काढावेत. कापसाची गंजी छतापर्यंत चढते, सरकी-कापसाचे तंतू हवेतून दिव्याच्या फटींत व ड्रायव्हरवर बसतात, आणि कापूस आतल्या आत तासन्‌तास धुमसत राहू शकतो. तिथे स्लॅबवर घट्ट बसणारा, धूळ आत न जाऊ देणारा, म्हणजे आयपी ६५ दर्जाचा एकच बंद दिवा दारावर पुरेसा आहे. बटण खोलीबाहेर असावे, आत एकही प्लग नसावा, आणि दिव्यापासून गंजी निदान तीन-चार फूट दूर राहील असे भिंतीवर रंगाने ओढून ठेवावे, म्हणजे माल भरणाऱ्या माणसांनाही मर्यादा कळते.

प्रश्न : बीडच्या आमच्या जुन्या घरात सिलिंगमध्ये ५० वॅटचे हॅलोजन दिवे आहेत. त्याच जागी एलईडीचे दिवे फिरवून बसवले तर लुकलुकतात.

उत्तर : हॅलोजनसाठी सिलिंगवर बसवलेला जुना ट्रान्सफॉर्मर ठरावीक किमान भारासाठी बनवलेला असतो, ५ वॅटचा दिवा त्याला पुरत नाही. ट्रान्सफॉर्मर काढून २३० व्होल्टवर चालणारा पूर्ण नवा दिवा बसवून घ्यावा. हॅलोजनची काच २५० अंशांच्या वर तापते, त्यामुळे भोकाभोवतीचा बोर्ड व वायरीचे टोक करपलेले असण्याचा संभव आहे. कडक झालेली वायर मागे कापून निरोगी भागावरच नवा जोड द्यावा.

प्रश्न : सिलिंगमधून जळका वास किंवा धूर येऊ लागला, तर नेमके काय करावे? (हिंगोली)

उत्तर : आधी मेन स्विच बंद करावा, इन्व्हर्टर असेल तर तोही, कारण महावितरणचा पुरवठा बंद केला तरी इन्व्हर्टर त्याच दिव्यांना वीज देत राहतो, आणि हे गडबडीत विसरले जाते. घरातील सर्वांना बाहेर काढून १०१ किंवा ११२ वर कळवावे. सिलिंग फोडून पाहू नये, कारण कोंडलेल्या आगीला हवा मिळताच ती भडकते. वीज बंद झाल्याची खात्री नसेल तर पाणी मारू नये. दिव्याच्या भोकापाशी छोटी ज्योत दिसत असेल आणि मागे बाहेर पडायला दार मोकळे असेल तरच एबीसी पावडरचे अग्निशामक वापरावे. आग विझली असे वाटले तरी तारतंत्रीने त्या पोकळीची पूर्ण पाहणी करेपर्यंत त्या सर्किटचा एमसीबी वर करू नये.